ग्राफिक्स कार्डातला माठ

मे महिन्यात वाशिमचा पारा 43 अंशांवर गेला, की भरदुपारी पाटणी चौकातही शुकशुकाट असतो. पण लग्नसराईत फोटो स्टुडिओच्या कॉम्प्युटरला कुठली सुट्टी? हळदीचा व्हिडिओ जोडताना त्याचे पंखे गिरणीसारखे घरघरतात, आणि काम मात्र गोगलगाईच्या चालीनं. त्यातलं ग्राफिक्स कार्ड बिघडलं का? छे! नव्वद अंशांच्या आसपास पोचलं, की जीव वाचवायला ते आपणहून वेग कमी करतं.

यात खोलीचा वाटा किती? 25 अंशांच्या खोलीत एखादं कार्ड 70 वर स्थिरावत असेल, तर ते हवेहून 45 अंश गरम आहे. काम तेच, पंख्याचा वेग तोच, तर हा फरकही जवळपास तोच राहतो. आता खोली 43 अंशांची करा. बेरीज 88!

आणि ही आग पेटते केवढ्याशा जागेत? आरटीएक्स 4090 या कार्डाची चिप जेमतेम 6 चौरस सेंटिमीटरची. तेवढ्यात 7,600 कोटींहून जास्त ट्रान्झिस्टर! पूर्ण भारावर असताना तिच्या दर चौरस सेंटिमीटरमधून घरच्या इस्त्रीच्या तळाच्या दहापट तरी उष्णता निघते. मग ती वितळत कशी नाही?

कार्डावरच्या तांब्याच्या नळ्या बघा. पेन्सिलीएवढ्या जाड, दिसायला भरीव. पण त्या पोकळ असतात, आणि आत असतं चमचाभरही नसलेलं पाणी! नळीतली हवा काढून टाकलेली, त्यामुळे हे पाणी उकळायला शंभर अंशांची वाट बघत नाही. चिपच्या बाजूला त्याची वाफ होते, वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे उष्णता धातूच्या पातळ पात्यांना देऊन पुन्हा पाणी होते. परत कसं येतं? नळीच्या आत तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर असतो. दिव्याची वात तेल ओढते तसा तो पाणी ओढतो. ना पंप, ना मोटर. 1963 साली अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी अशी नळी घडवली.

आपला माठ हेच तर करतो. फरक एवढाच, की माठातलं पाणी हवेत उडून जातं आणि तो रोज भरावा लागतो. हा माठ वर्षानुवर्षं तेच पाणी फिरवतो. 300 वॅट उष्णता वाहून न्यायला सेकंदाला किती पाण्याची वाफ व्हावी लागते? फक्त दोन-तीन थेंब!

पण पात्यांच्या फटीत सोयाबीनच्या मळणीची धूळ बसली, की माठाला वाराच लागत नाही. मऊ ब्रशनं ती काढा, पंखा बोटानं धरून फुंकर मारा. चिपवरची पेस्ट वाळली असेल तर बदला. चिपवरच्या सूक्ष्म खाचा भरणं हेच तिचं काम. त्यांत हवा राहिली, तर ती गोधडीसारखी उष्णता अडवते.

मला सर्वांत जादूई वाटतो तो उष्णता मुळातच कमी करणारा व्होल्टेजचा हिशेब. ट्रान्झिस्टरच्या उघडझापीत खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. व्होल्टेज 10 टक्के उतरवा, वेग तोच ठेवा. हा खर्च 19 टक्के उतरतो. कार्डाला ते झेपतं का, हे मात्र थोडंथोडं उतरवत बघावं लागतं.

आणि कूलर? थेट कार्डावर नको, तुषार उडतात. खिडकी उघडी ठेवून तो खोलीला लावा. वाळ्याच्या ताटीतून आलेल्या वाऱ्यानं खोली दहा अंश उतरली, की 88 चे होतात 78. ताटीतही पाणीच उडतंय, आणि नळीतही.