काळ्या जमिनीतील ट्रॅक्टर : अश्वशक्ती आणि चाकांची पकड

इंजिनाची अश्वशक्ती जितकी अधिक तितकी ओढ अधिक, असा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धाच खरा आहे. इंजिनाची शक्ती टायर व माती यांच्यातील पकडीतूनच कामी येते आणि या पकडीला मर्यादा असते. ती ओलांडली की चाक जागच्या जागी फिरू लागते. १०० मीटर जाण्याइतके फिरूनही चाक ८५ मीटरच सरकले, तर घसर १५ टक्के झाली. शेतकामात सुमारे ८ ते १५ टक्के घसर किफायतशीर मानली जाते; त्यापुढे डिझेल व टायर व्यर्थ झिजतात.

अतिशक्तिमान मोटारींत चाकांजवळील संवेदकांवरून संगणक घसर ओळखतो व इंजिनाचा जोर कमी करतो किंवा घसरत्या चाकाला ब्रेक लावतो. ट्रॅक्टरवर हा निर्णय बहुधा चालकालाच घ्यावा लागतो.

नांदेड-लातूरकडील काळी माती बेसाल्टपासून बनलेली असून तिच्यातील माँटमोरिलोनाइट पाण्याने फुगते. ही चिकण माती टायरच्या खाचांत भरली की टायर गुळगुळीतच झाला म्हणावयाचे. साध्या डिफरन्शियलमुळे दोन्ही चाकांना सारखाच पीळ मिळतो; परिणामी चिखलातील चाक गरगर फिरते आणि कोरड्यावरील चाक स्तब्ध राहते. अशा वेळी डिफरन्शियल लॉक दोन्ही चाके एका गतीने फिरवतो. मात्र तो सरळ रेषेतच वापरावा, वळण्यापूर्वी सोडावा.

दुसरा पर्याय भाराचा. मागील टायरमध्ये सुमारे तीन-चतुर्थांश पाणी भरणे किंवा बिडाची वजने लावणे यांमुळे पकड वाढते, परंतु ओल्या काळ्या जमिनीत तोच भार माती दाबून टाकतो व पुढील पिकाची मुळे अडतात. टायरमधील हवा उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत कमी करणे तुलनेने निर्धोक. मात्र उसाच्या ट्रॉल्या घेऊन डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी ती पुन्हा भरलीच पाहिजे.

एका प्रघाताचा उल्लेख अपरिहार्य आहे. रुतलेल्या मागील चाकांना ओंडका बांधून ट्रॅक्टर पुढे काढणे जीवघेणे ठरू शकते. ओंडक्याने चाके अडली की इंजिनाचा पीळ ट्रॅक्टरचे धूडच आसाभोवती फिरवतो. पुढची बाजू उचलून ट्रॅक्टर क्षणात चालकावर उलटतो. मागे घेऊन पाहावे, अन्यथा दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून काढावे.

या सर्व उपायांहून स्वस्त उपाय शेतकऱ्यास पूर्वापार ठाऊक आहे : वाफसा येईपर्यंत थांबणे. सोयाबीन काढून रब्बीच्या पेरणीची घाई असते तेव्हा तोच सर्वांत कठीण जातो.