पोलादाआधीचे विषारी पाणी

दामोदर नदीच्या खोऱ्यात बोकारो, बर्नपूर आणि दुर्गापूर येथे पोलादाचे मोठे कारखाने आहेत. अशा कारखान्यांतले सर्वांत घातक सांडपाणी येते ते कोकभट्टीतून. लोहखनिजापासून लोखंड मिळवण्यासाठी कोक लागतो. त्यासाठी दगडी कोळसा हवेविना सुमारे १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. निघणारा वायू थंड करून धुतला, की पाण्यात अमोनिया, फिनॉल आणि सायनाइड उतरतात.

सायनाइड अगदी थोडे असले तरी मासे मरतात. फिनॉल नळपाणी योजनेपर्यंत पोहोचले, तर क्लोरीनशी संयोग होऊन पाण्याला औषधासारखी चव येते.

हे पाणी शुद्ध करताना आधी वाफेने अमोनिया काढतात. मग हवा सोडलेल्या टाक्यांत जिवाणू फिनॉल आणि सायनाइड फस्त करतात. मात्र विषाची मात्रा अचानक वाढली, तर हे जिवाणूच मरतात. म्हणून पाणी आधी मोठ्या टाकीत साठवून, एकजीव करून संथपणे पुढे सोडतात.

भारतात कोकभट्टीतून बाहेर सोडायच्या पाण्यात लिटरमागे फिनॉल १ आणि सायनाइड ०.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. साधे पाणी मिसळूनही हा आकडा खाली आणता येतो. पण नदीत जाणारे विष तेवढेच राहते.