आधी तोल, मग चाल



माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची डावी बाजू लुळी पडली. जिवावरचं संकट टळलं, अब्बा घरी आले. मग आम्ही भावंडांनी त्यांची अशी काही काळजी घेतली, की ते चालायचेच राहिले असते! पाणी हातात, जेवण खाटेवर. ते जरा हलले, की चारी बाजूंनी एकच ओरडा, "अब्बा, उठू नका, पडाल!" शेवटी व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनीच सुनावलं, "तुम्ही त्यांना सांभाळत नाही, बसवून ठेवताय."

आपण उभे असतो, तेव्हा डोळे, कानाच्या आतला भाग, तळपाय आणि सांधे मेंदूला सतत खबर देत असतात. त्यावरून मेंदू स्नायूंना हुकूम सोडतो आणि आपला तोल राहतो. झटक्यात मेंदूचा काही भाग निकामी होतो. मग कधी हुकूम पोहोचत नाही, कधी तळपायाची खबरच येत नाही. माणूस सगळा भार धडधाकट पायावर टाकतो. दुसऱ्या पायाचा चवडा उचलला जात नाही. तो फरशीला घासतो किंवा पाय बाहेरून अर्धगोल फिरवून पुढे टाकावा लागतो. म्हणून चालण्याआधी शिकायचं असतं ते नीट बसणं, खुर्चीवरून उठणं आणि दुबळ्या पायावर थोडा थोडा भार घेणं.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण उरलेला मेंदू सरावानं नवं काम शिकतो. पेद्रो बाख-इ-रिता हे न्यूयॉर्कमध्ये शिकवणारे कातालान कवी. १९५९ साली त्यांना झटका आला. त्यांच्या मुलानं, जॉर्जनं, त्यांना तान्ह्या मुलासारखं भिंतीच्या आधारानं रांगायला लावलं. रांगता रांगता ते उभे राहिले, चालू लागले, पुन्हा शिकवू लागले. १९६५ साली कोलंबियात डोंगर चढताना हृदयविकारानं ते गेले. शवविच्छेदनात दिसलं, की मेंदूतली जुनी इजा तशीच होती! सगळ्यांनाच इतकं यश येत नाही, हेही खरं.

सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत जास्त वेगानं होते, पण नंतरही ती थांबत नाही. घाईही नको. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतल्या चाचणीत, पहिल्या चोवीस तासांत रुग्णांना वारंवार उठवून चालवल्यानं फायद्याऐवजी तोटाच दिसला. वेळ डॉक्टरांनी ठरवावी.

घरच्यांनी काय करावं? दुबळ्या बाजूला उभं राहावं, पण तो हात धरून ओढू नये; खांदा निखळतो. काठी चांगल्या हातात द्यावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी. सटकणाऱ्या सतरंज्या उचलाव्यात, न्हाणीघरात धरायला दांडा बसवावा, रात्री दिवा ठेवावा. चवडा लोंबत असेल, तर त्याला आधार देणारी पट्टी मिळते, ती विचारून घ्यावी.

अब्बा पुढे काठी टेकत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागले. डावा पाय शेवटपर्यंत थोडा घासायचाच. पहाटे फरशीवर तो आवाज आला, की घर जागं व्हायचं. पण "उठू नका" असं कुणी म्हणत नसे.