काळी काच आणि मावशीचा उजवा हात

माझ्या मावशीला ल्युपस आहे. ती पुण्याहून रोज राजगुरुनगरला शिकवायला जाते, स्वतः गाडी चालवत. सकाळी उत्तरेकडे जाताना ऊन पूर्वेकडून, म्हणजे उजव्या खिडकीतून. संध्याकाळी दक्षिणेकडे परतताना पश्चिमेकडून, म्हणजे पुन्हा उजव्याच! ल्युपसमध्ये उन्हातल्या अतिनील किरणांनी पुरळ उठतं, आजारही उसळू शकतो. म्हणून तिने काळी फिल्म लावून घेतली. हवालदाराने ती उतरवायला लावली. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवूनही उपयोग झाला नाही. "आजारी माणसाला सूट नसते का रे?" हा तिचा प्रश्न.

नसते. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 100 म्हणतो की पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के दृश्य प्रकाश आत यायला हवा. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचेवर वरून फिल्म चिकटवायलाच मनाई केली; काळ्या काचांआडचे गुन्हे हे त्यामागचं कारण. सूट राहिली ती झेड आणि झेड प्लस सुरक्षावाल्यांना. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर सूट मिळते, आपल्याकडे नाही.

पण गंमत बघा. नियम मोजतो दृश्य प्रकाश, आणि मावशीला छळतो तो यूव्हीए, जो डोळ्याला दिसतच नाही. काच किती काळी आहे यावरून ती यूव्हीए किती अडवते हे कळत नाही. जवळजवळ पारदर्शक फिल्मही तो बहुतेक सगळा अडवू शकते. गाडीची पुढची काच हेच करते, कारण तिच्या दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पडदा असतो. बाजूची काच सहसा एकाच थराची. 2016 मध्ये अमेरिकेत 29 गाड्या तपासल्या, तेव्हा पुढच्या काचेने सरासरी 96 टक्के यूव्हीए अडवला. बाजूच्या काचेने सरासरी 71, आणि काही गाड्यांत जेमतेम 44.

म्हणजे पोलिसाला आत दिसणं आणि मावशीची कातडी वाचणं यात खरं भांडण नाहीच. (एक अपवाद: पोर्फिरियाच्या काही प्रकारांत 400-410 नॅनोमीटरचा जांभळा, दिसणारा प्रकाशच त्रास देतो. तिथे पारदर्शक फिल्म पुरत नाही.)

2021 पासून नियम 100 बदललाय. त्याच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने 2024 मध्ये 70 आणि 50 टक्क्यांची अट पाळणारी फिल्म चालेल असं म्हटलं. पण आपल्या नाक्यावरचा हवालदार 2012 चाच आदेश पुढे करू शकतो, त्यामुळे मावशीला मी फिल्म सुचवली नाही. सध्या ती स्कूटीवाल्या मुलींसारखे लांब हातमोजे घालते, यूव्हीए अडवणारं सनस्क्रीन लावते. आणि पुढची गाडी घेताना शोरूममध्ये एकच गोष्ट विचारणार आहे: बाजूची काच लॅमिनेटेड आहे का?