सुटीच्या दिवशी गेलेली तीस माणसं



जुलै उजाडला की आडसाली लागणीच्या नोंदींची गडबड सुरू होते. गट ऑफिसात गर्दी, चिटबॉय मंडळी बांधाबांधाने फिरत असतात, आणि या पानावर मी बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते, हुमणी असंच काहीतरी लिहितो. या अंकात ते लिहीत नाही. जुलै संपत आला की मला आंबेनळी घाट आठवतो आणि तिथे गेलेली तीस माणसं आठवतात. ती आपल्या कारखान्याची सभासद नव्हती. घाटाखालची, कोकणातली. पण शेतीच्या कामातली, म्हणजे आपल्याच धंद्यातली होती.

आंबेनळी घाट म्हणजे महाबळेश्वरहून प्रतापगडच्या पायथ्याने पोलादपूरला उतरणारा रस्ता. आपल्यापैकी पुष्कळांनी तो पाहिलेला आहे. महाडचं चवदार तळं आणि रायगड पाहायला जाणारी सहलीची गाडी याच वाटेने खाली उतरते. वळणामागून वळण, एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, आणि पावसाळ्यात धुकं असं की पुढच्या गाडीचा मागचा दिवासुद्धा दिसू नये.

२८ जुलै २०१८, शनिवार. आदल्या रात्री गुरुपौर्णिमेचं खग्रास चंद्रग्रहण होऊन गेलं होतं. चौथा शनिवार म्हणून कचेऱ्या बंद. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातले कर्मचारी विद्यापीठाच्याच बसने महाबळेश्वरला वर्षासहलीला निघाले. पोलादपूर मागे पडलं, घाट लागला, आणि वर चढत असताना बस दरीत गेली. शेकडो फूट खाली. गाडीत एकतीस माणसं होती. एकच वाचला. तो कसाबसा चढून रस्त्यावर आला, त्याने कळवलं, तेव्हा जगाला समजलं. बाकी तीस जण गेले.

मी त्या दिवशी एका सभासदाच्या शेतात होतो. गाव आणि नाव लिहीत नाही. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. सरी सोडलेली, बेणं बांधावर येऊन पडलेलं, आणि एक डोळा लावायचा की दोन डोळे यावर आमचा वाद चाललेला. तात्यांचा धाकटा मुलगा तेव्हा दापोलीला शिकत होता. कुणीतरी मोबाईलवर आलेली बातमी वाचून दाखवली : दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत. तात्या मटकन खाली बसले नाहीत की ओरडले नाहीत. हातातलं बेणं त्यांनी नीट जागेवर ठेवलं आणि फोन लावायला लागले. लागेना. पुन्हा लावला. मी म्हणालो, "तात्या, जरा थांबा, सगळेच एकदम लावत असतील." ते म्हणाले, "साहेब, थांबायचं कुणाला सांगताय?" अर्ध्या तासाने पोराचाच फोन आला. तो वसतिगृहात सुखरूप होता. विद्यार्थी सहलीत नव्हतेच. पण पोरगा रडत होता. "रोज दिसणारी माणसं होती हो," एवढंच म्हणत होता.

तात्यांनी फोन ठेवला आणि विचारलं, "त्यांच्या घरी आता कोण फोन लावत असेल?"

त्या दिवशी लागण झाली नाही. माणसं आपोआप घरी गेली.

वर्तमानपत्रांतून 'कर्मचारी' हा शब्द आला. शब्द बरोबर आहे, पण त्यातून काही कळत नाही. कृषी विद्यापीठाचा कर्मचारी काय करतो हे आपल्यासारख्या ऊस लावणाऱ्याला तरी सांगायला नको. आपल्याकडे लहान पोरगंसुद्धा ८६०३२ ओळखतं. फुले २६५ म्हटलं की खोडवा चांगला, चोपणीत येतो, एवढं कुणीही सांगेल. १९३२ सालापासून पाडेगावच्या केंद्रात उसावर काम चाललं आहे. एक वाण बाहेर पडायला दहा-बारा वर्षं जातात. तेवढी वर्षं कुणीतरी उन्हात उभं राहून फुटवे मोजतो, कांड्या मोजतो, वजनं घेतो, वहीत आकडे भरतो, आणि कुणीतरी कचेरीत बसून ती बिलं, ते पगार, ती बियाण्याची पोती वेळेवर सोडतो. वाणाला नंबर मिळतो. वही भरणाऱ्याचं नाव कुठेच येत नाही.

कोकणातही तसंच. हे विद्यापीठ १९७२ साली स्थापन झालं. आंब्याचा रत्ना वाण १९८१ चा, आणि सिंधू, ज्याची कोय अगदी पातळ, तो १९९२ चा. वेंगुर्ल्याच्या काजूची कलमं कोकणभर गेली, कर्जतचं भात रायगड जिल्ह्यातल्या खाचरांतून पिकतं. महाड-पोलादपूरचा शेतकरी पावसाच्या भातावर जगतो, त्याच्या कणगीत यांच्या कामाचा वाटा आहे. गेलेल्या तीस जणांत कुणी कोणतं काम केलं हे मी सांगू शकत नाही, त्यांच्यापैकी कुणाशी माझी ओळख नव्हती. पण अशा माणसाचा दिवस कसा जातो ते मला माहीत आहे.

अपघातानंतर एक बोलणं मी पुष्कळ ठिकाणी ऐकलं. "पावसाळ्यात कशाला जायचं घाटात?" चहाच्या टपरीवर ऐकलं, शिकलेल्या माणसांकडूनही ऐकलं. मला त्याचा राग आला आणि अजून येतो. सहा दिवस राबणाऱ्या माणसाने एक दिवस मित्रांबरोबर धबधबा पाहायला जाऊ नये काय? त्यातले बहुतेक घरचे कर्ते होते. असा बाप पोरांची फी, आईचं औषध, बहिणीचं बाळंतपण यातून स्वतःसाठी वर्षातला एखादाच दिवस काढतो, आणि सकाळी निघताना संध्याकाळपर्यंत येतो म्हणून सांगून जातो. त्या एका दिवसाचा हिशेब आपण त्याच्याकडे मागायचा नाही. विचारायचंच असेल तर घाटाला कठडे कुठे आहेत आणि कुठे नाहीत, ते विचारावं.

बाप घरी परत न येण्याची गोष्ट या मुलखाला नवी नाही. पोलादपूर तालुक्यातल्या उमरठचे तानाजी मालुसरे. मुलगा रायबाचं लग्न बाजूला ठेवून ते कोंढाण्याला गेले आणि ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री पडले. त्यांना मढे घाटाने उमरठला आणलं असं लोक सांगतात, समाधी तिथे आहे. त्यांचे पोवाडे झाले, ते योग्यच. आंबेनळीच्या माणसांचा पोवाडा होणार नाही, पण त्यांच्या घरीही कुणाचं तरी लग्न ठरायचं राहिलं असेल.

आणि पोलादपूरच्या, महाबळेश्वरच्या माणसांबद्दल लिहिलंच पाहिजे. पावसात, निसरड्या उतारावर दोर लावून गिर्यारोहक पोरं खाली उतरली. गावातली माणसं आली, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आले. रात्र मध्ये गेली, दुसऱ्या दिवशीपर्यंत काम चाललं, आणि तीसच्या तीस वर आणले. बाहेरून पाहणाऱ्याला यात काय एवढं असं वाटेल. पण दोनच वर्षांपूर्वी, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश काळातला दगडी पूल पुरात वाहून गेला होता. दोन एस.टी. गाड्या आणि एक जीप अंधारात पाण्यात गेली. चाळीसच्या आसपास माणसं गेली आणि त्यातली काही शेवटपर्यंत सापडलीच नाहीत. नवा पूल २०१७ च्या जूनमध्ये सुरूही झाला. ज्यांच्या घरचा माणूस सापडला नाही त्यांनी तेरावं कधी घालायचं, हे त्यांनाच विचारा. आंबेनळीला निदान प्रत्येक घराला आपला माणूस मिळाला.

आता आपल्या कार्यक्षेत्रातलं एक सांगतो. आपला एक सभासद ऐन गळितात, ट्रॉली भरून घेताना छातीत कळ येऊन गेला. वय पन्नासच्या आत. पंधरा दिवसांनी त्याचा मुलगा गट ऑफिसला आला. हातात बापाची खिशातली डायरी. ती त्याने माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "यातलं काय काय खरं आहे तेवढं सांगा." लागणीची तारीख, बेणं कुणाचं, युरियाची पोती, सोसायटीचं कर्ज, त्याच पानावर खाली मुलीच्या चष्म्याचा नंबर. सगळं खरं होतं. पण शेअरवर नामनिर्देशन नव्हतं, बिल मयताच्या नावावर अडकलं, आणि त्या पोराला दाखले गोळा करायला पाच महिने हेलपाटे पडले. बाप एवढा हिशेबी, चष्म्याचा नंबर लिहून ठेवणारा, आणि हा एकच कागद राहिला. माझीही त्यात चूक आहे. दर हंगामात त्याच्या शेतात जात होतो, एकदाही विचारलं नाही.

सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३० प्रमाणे सभासदाच्या मृत्यूनंतर त्याचा भाग नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे वर्ग होतो. त्यासाठी हयातीत लेखी नाव दिलेलं असावं लागतं. सात-बारावरची वारसनोंद वेगळी, ती तलाठी कार्यालयात करायची. नामनिर्देशनाचे कोरे फॉर्म या महिन्यात मी प्रत्येक गट ऑफिसात पाठवले आहेत. लागणीची नोंद द्यायला याल तेव्हा शेअर दाखला बरोबर आणा, चिटबॉय जागेवरच भरून घेईल.

तात्यांनी त्यांचा फॉर्म २०१८ च्या ऑगस्टमध्येच भरून दिला होता.