तंबू माळ्यावरच म्हातारा होतो

आषाढात कोंढा गावच्या धानाच्या बांध्या भरतात, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातली सफारी बंद होते, आणि रानोमाळ हिंडणाऱ्यांचे तंबू माळ्यावर जाऊन पडतात. पावसाचा थेंबही त्यांना लागत नाही. तरी दिवाळीनंतर घडी उलगडावी, तर आतली बाजू बोटांना चिकटते, पापुद्रे सुटतात, आंबूस वास येतो. कापड शाबूत, शिवण शाबूत. मग बिघडलं काय?

बिघडतो तो लेप. पाणी झिरपू नये म्हणून कापडाला आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो. १९३७ साली जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेला हा पदार्थ म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. पुष्कळ लेपांत या साखळ्यांमध्ये एस्टर नावाचे दुवे असतात. हवेतल्या बाष्पाचा रेणू त्या दुव्यात शिरतो, स्वतः दुभंगतो आणि तुटलेल्या दोन्ही टोकांना जाऊन बसतो. एका टोकाला आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल पुढचा दुवा तोडायला हातभार लावतं! नासाडी जितकी होईल तितकी ती वेग घेते. मुसळधार पाऊस अडवणाऱ्या थराला घडीत कोंडलेली दमट हवा पोखरते, हे किती अद्भुत आहे!

जुन्या ॲसिटेट फिल्मचंही असंच होतं. तिथे दुवा तुटला की ॲसेटिक आम्ल सुटतं आणि डबा उघडताच व्हिनेगरचा वास नाकात झोंबतो. म्हणून पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्थांना थंड, कोरडी कोठारं लागतात.

घरी थंड कोठार नसतं, पण कोरडेपणा साधता येतो, आणि धान पिकवणाऱ्या गावाला तो शिकवायला नको. दाणा दाताखाली कटकन फुटला तरच धान साठवायचं. ओलावा १४ टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी आलीच. तंबूही तसाच वाळवावा, सावलीत पसरून. शिवणीची दुपदरी पट्टी चिमटीत धरून पाहा: बाकी कापड खडखडीत वाळलं तरी पहाटेचं दव तिथे दडून बसलेलं असतं. मग सुती पिशवीत सैल भरून खालच्या कपाटात ठेवावा. टिनाखालच्या माळ्यावर नको, कारण उष्णतेने ही तोडफोड आणखी वेगाने होते.

ट्रेकिंगच्या बुटांचा मधला तळही बऱ्याचदा पॉलियुरेथेनचाच असतो. वर्षानुवर्षं खोक्यात राहिलेले, एकदाही न वापरलेले बूट पहिल्याच चढावर भुगा होऊन गळतात, ते यामुळेच.