बेल वाजवा आणि दोन पावलं मागे सरका

अमेरिकेत उन्हाळ्याची सुट्टी लागली की कॉलेजची काही मुलं परक्या राज्यात दारोदार पुस्तकं विकायला निघतात. टेनेसीतल्या नॅशव्हिलच्या साउथवेस्टर्न कंपनीने ही पद्धत १८६८ मध्ये सुरू केली. तेव्हा पिशवीत बायबल असायचं, आता अभ्यासाची पुस्तकं असतात. टेक्सासचे माजी गव्हर्नर रिक पेरी आणि सिनेटर मार्शा ब्लॅकबर्न यांनीही तरुणपणी हेच काम केलं.

पगार नाही. जेवढं विकाल तेवढी कमाई, आणि राहण्या-जेवणाचा खर्च पदरचा.

खरी परीक्षा उंबरठ्यावर असते. जाणता विक्रेता बेल वाजवून दोन पावलं मागे सरकतो आणि जरा तिरका उभा राहतो, म्हणजे दार उघडणाऱ्याला दडपण येत नाही. मग कुठे कुत्रा अंगावर धावून येतो, कुठे जाळीच्या दाराआडूनच नकार मिळतो, तर कुठे न मागता थंडगार पाणी पुढे येतं. इतकी माणसं इतक्या जवळून क्वचितच दुसऱ्या कुठल्या कामात भेटत असतील!

घरातल्यांची बाजूही तितकीच खरी. वायोमिंगमधलं ग्रीन रिव्हर हे रेल्वे कामगारांचं गाव. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्यांची झोपमोड होते म्हणून १९३१ मध्ये तिथे न बोलावता येणाऱ्या विक्रेत्यांवर बंदी आली. दारोदार ब्रश विकणारी फुलर ब्रश कंपनी या बंदीविरुद्ध कोर्टात गेली आणि हरली. पुढे अनेक गावांनी तोच नियम उचलला.

आज अमेरिकेत दारात झालेली बहुतेक खरेदी कामकाजाच्या ३ दिवसांत रद्द करता येते. त्यासाठीच्या फॉर्मच्या २ प्रती विक्रेत्यानेच द्यायच्या असतात.